डबल ट्रॉलीला एअर ब्रेक: एक हंगाम वापरल्यानंतर

ट्रॅक्टर बघायला शोरूमला गेलं की तिथल्या पोराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मालक, दोन ट्रॉल्या फुल भरून तिसऱ्या गिअरला चढ काढतो." मी आजवर तीन ट्रॅक्टर घेतले. तिन्ही वेळा हेच ऐकलं, तिन्ही वेळा मान डोलावली. त्या भरलेल्या दोन ट्रॉल्या उताराला थांबवायच्या कशा, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची बुद्धी सुचायला बारा हंगाम जावे लागले, आणि एका दूधवाल्याची चार कॅन सांडावी लागली.

मी मोहोळ तालुक्यातला. सीनाकाठी आठ एकर रान, त्यात पाच एकर ऊस. बाकी धंदा ऊस वाहतुकीचा. ५० एचपीचा ट्रॅक्टर, दोन चारचाकी ट्रॉल्या, बीडकडची ऊसतोड टोळी आणि कारखान्याशी करार. गेल्या दसऱ्याच्या आधी दोन्ही ट्रॉल्या एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर लागणारा ब्रेक, बसवायला दिल्या. काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये झालं. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. काम चांगलं केलं, पण वेळेवरून आमची इतकी वाजली की नाव घेऊन ना जाहिरात करावीशी वाटते ना बदनामी. हा सगळा लेखाजोखा त्या ब्रेकचा आहे.

आधी ती दूधवाल्याची गोष्ट, कारण तिच्याशिवाय मी हा खर्च केलाच नसता.

जानेवारी होता. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली, त्यामुळं पुणे हायवेला पहाटेपासून गाड्यांची रांग. आमची खेप भरून निघालेली. स्टिअरिंगवर अण्णा. अण्णा म्हणजे आमचे ड्रायव्हर, वयानं माझ्याहून मोठे, पंधरा वर्षं डबल ट्रॉली हाकणारे. मी मडगार्डवर बसलेलो. (तेही चूकच, पण ते नंतर.) लांबोटीजवळ सीनेच्या पुलाकडं रस्ता जरासा उतरतो. जरासा म्हणजे कारमधल्या माणसाला कळणारही नाही इतका. सर्व्हिस रोडवरून एक दूधवाला मोटरसायकल घेऊन आत शिरला. अण्णांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं जागच्या जागी थांबली.

आणि ट्रॅक्टर चालतच राहिला.

हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. चाकं फिरत नाहीत, रबर खरवडल्याचा आवाज येतोय, आणि झाडं तरी मागं पळतायत. पुढची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत होती आणि मागची पुढचीला. मग मागच्या ट्रॉलीला सरळ जायला जागा उरली नाही तशी ती बाजूला निघाली. मी मान वळवून बघितलं तर तिचा हौदा पलीकडच्या लेनमध्ये आडवा यायला लागला होता, म्हशीनं दावं ताणून तोंड फिरवावं तसा. मागून येणाऱ्या एसटीनं करकचून ब्रेक मारला. अण्णांनी ब्रेक सोडला, ट्रॅक्टर पुन्हा ओढीला लागला, मागची ट्रॉली दोन हिसके देऊन रांगेत आली. अण्णांचं ते एक शहाणपण नसतं तर मी हे लिहीत नसतो. बाहेर लोंबणाऱ्या उसाचा फटका कॅनला बसला आणि दूधवाला कडेच्या मुरमात बसला. उठून त्यानं आधी कानडीत आणि मग मराठीत आमचा उद्धार केला. दुधाचे पैसे दिले, त्याचा गुडघा धुऊन दिला, चहा पाजला.

त्या दिवशी कारखान्याच्या काट्यावर निव्वळ ऊस भरला २२ टन ४८० किलो. संध्याकाळी ती पावती घेऊन धाकट्या लेकाजवळ बसलो. तो मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. त्यानं पावतीच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. ट्रॉल्या रिकाम्या प्रत्येकी दोन टन, ट्रॅक्टर दोनच्या वर, म्हणजे एकूण अठ्ठावीस टनांच्या पुढं. ब्रेक कशाला? फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. त्या दोन चाकांवर वजन किती? दीड टनाच्या आसपास, कारण चारचाकी ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर वाहते, ट्रॅक्टरवर टेकत नाही. "पप्पा, ब्रेक कितीही भारी असू द्या. रस्त्याला पकड आहे ती दीड टनाची. आणि थांबवायचेत अठ्ठावीस." सपाटीला एवढ्यावर गाडी कशीबशी थांबते. उतार लागला की उतार स्वतःच जोर लावतो आणि त्या पकडीतला निम्म्याहून जास्त वाटा खाऊन टाकतो. म्हणजे ट्रॅक्टर ५० चा घ्या नाहीतर ६० चा, थांबायच्या बाबतीत काडीचा फरक नाही. उलट मोठा ट्रॅक्टर घेतला की आपण तिथं अजून चार टन चढवतो.

लोक म्हणतात अण्णांनी गिअरवर धरायला पाहिजे होता. धरला होताच. उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग आमच्याच गावात आहेत, अण्णा त्यातले नाहीत. पण इंजिन धरतं तेही त्याच दोन चाकांमधून. पकड तेवढीच.

तर वर्कशॉप. आधी तिघांकडं चौकशी केली. एकानं ओव्हररन ब्रेक सुचवला. त्यात ट्रॉलीच्या दांड्यात एक सरकता भाग असतो. ट्रॉली पुढं ढकलली गेली की तो दाबला जातो आणि त्याच दाबानं तिचे ब्रेक लागतात. स्वस्त आहे, पाईप नाही, हवा नाही. एका ट्रॉलीला ठीक असेलही. पण दोन ट्रॉल्यांत पुढचीच्या दांड्यावर दोघींचा धक्का येतो, आणि कारखान्याच्या यार्डात गाडी मागं घ्यायची म्हटलं की ब्रेक आपोआप लागून बसतो. आमची निम्मी हयात यार्डात मागं-पुढं करण्यात जाते. तो विषय तिथंच मिटला.

एमआयडीसीवाल्यानं मात्र पहिल्यांदा ट्रॉल्यांखाली आडवं होऊन बघितलं. बाकी दोघांनी चहा पीत पीतच भाव सांगितला होता. हा माणूस अ‍ॅक्सलवर हातोडीनं दोन-तीन ठिकाणी ठोकून म्हणाला, "याला ड्रमच नाहीत ओ मालक, ब्रेक कशाला लावू, हवेला?" आमच्या ट्रॉल्यांचे अ‍ॅक्सल साधे, नुसत्या हबचे. ब्रेक ज्यावर दाबून चाक धरतो तो ड्रमच त्यांना नव्हता. म्हणजे दोन्ही ट्रॉल्यांचा मागचा अ‍ॅक्सल बदलून ड्रमवाला टाकायचा, हवेच्या जोरानं ब्रेक दाबणारे चेंबर बसवायचे, प्रत्येक ट्रॉलीला स्वतःची हवेची टाकी, ट्रॅक्टरच्या इंजिनवर पट्ट्यानं फिरणारा कॉम्प्रेसर आणि पायाच्या ब्रेकला जोडलेला व्हॉल्व. सगळं मिळून १ लाख ६८ हजार सांगितले. १ लाख ६० ला तुटलं. बायको म्हणाली एवढ्यात म्हैस आली असती, आणि ते खरंच होतं.

दहा दिवसांचा वायदा. नवरात्र गेलं, दसरा गेला, अ‍ॅक्सल आला नाही. अ‍ॅक्सल आला तर वेल्डर यात्रेला गेला. मी रोज फोन, तो रोज "उद्या नक्की". दिवाळीच्या पाडव्याला त्याच्या दारात जाऊन बसलो. इकडं कारखान्याचा बॉयलर पेटला होता, टोळी येऊन कोपीत बसली होती, उचल दिलेली, आणि माझ्या ट्रॉल्या विटांवर उभ्या. वेळेच्या बाबतीत या वर्कशॉपला मी शून्य मार्क देतो. ज्याला करून घ्यायचं त्यानं पावसाळ्यातच गाडी नेऊन टाकावी.

पण एक गोष्ट त्यानं माझ्याशी भांडून करायला लावली, ती लिहिलीच पाहिजे. मी पैसे वाचवायला एका पाईपचा सेट मागत होतो. तो ऐकेना. एका पाईपमध्ये हवा गेली तर ब्रेक लागतो. पाईपच तुटला तर हवा नाही, म्हणजे ब्रेकही नाही, आणि ट्रॉली सुटली तर राम म्हणा. दोन पाईपमध्ये लाल पाईपनं ट्रॉलीच्या टाकीत सतत हवा भरत राहते आणि पिवळ्या पाईपनं नुसता ब्रेकचा इशारा जातो. लाल तुटला की ट्रॉली आपल्याच टाकीतल्या हवेनं स्वतःचा ब्रेक लावून उभी राहते. मी म्हटलं दाखवा. त्यानं वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत रिकाम्या ट्रॉल्या चालत्या केल्या, स्वतः बाजूनं चालत गेला आणि मागच्या ट्रॉलीच्या लाल पाईपचा कपलिंग दांडा फिरवून उपसला. फुस्स करून एकच आवाज झाला, धूळ उडाली, मागच्या ट्रॉलीची चाकं तिथंच रुतली आणि ट्रॅक्टर हिसका खाऊन बंद पडला. तिथं वेल्डिंग करणारा पोरगा काच वर करून हसला. मी गुपचूप वरचे नऊ हजार कबूल केले.

आता मोजमाप. काम झाल्यावर ते कळणार कसं, म्हणून काम करण्याआधीच मी एक चाचणी करून ठेवली होती. मागच्या हंगामाच्या शेवटी, गावाकडच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर भरलेली गाडी ताशी वीसच्या बेतानं चालवली, चुन्याची एक रेघ मारली, रेघेवर अण्णांनी ब्रेक दाबायचा. थांबल्यावर पावलं मोजली. ५१ पावलं. यंदा पहिल्या आठवड्यात तोच रस्ता, तोच वेग, तीच रेघ. १९ पावलं. अण्णा खाली उतरले, रेघेकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं आणि म्हणाले, "आजवर आपण काय करत होतो, मालक?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. विडी पेटवून दिली.

यंदाचं वजन थोडं कमी होतं हे मान्य. सगळा फरक ब्रेकचा नाही. पण वजन का कमी होतं तेही पुढं सांगतो.

हंगामभर काय काय झालं? पहिले पंधरा दिवस त्रासाचे. ब्रेक लागला की पुढची ट्रॉली आधी धरायची आणि मागची तिच्या अंगावर येऊन धाडकन आदळायची. कारण साधं आहे, मागच्या ट्रॉलीपर्यंत हवा पोचायला पाईप लांब. खरं तर उलटं पाहिजे. मागची किंचित आधी धरली की सगळी गाडी दोरीसारखी ताणलेली राहते, वाकडी व्हायचा प्रश्नच येत नाही. वर्कशॉपवाल्यानं येऊन पुढच्या ट्रॉलीचे ब्रेक थोडे सैल केले, मागचे आवळले आणि मागच्या टाकीजवळ एक रिले व्हॉल्व टाकला, म्हणजे इशारा आला की जवळच्या टाकीतलीच हवा लगेच ब्रेकला जाते. तेव्हापासून आदळणं गेलं. हे त्याला पहिल्याच दिवशी सुचायला पाहिजे होतं. पण एका फोनवर मोहोळपर्यंत आला आणि पैसे घेतले नाहीत, हेही खरं.

दुसरी खोड रिकाम्या ट्रॉलीची. भरलेली असताना जो दाब बरोबर असतो, तो रिकाम्या ट्रॉलीला फार होतो. चाकं जाम होऊन फरफटतात आणि टायर एका जागी घासून चपटा होतो. त्यावर हातानं फिरवायचा एक व्हॉल्व येतो, भरलेली, अर्धी, रिकामी असे तीन खटके असलेला. आमच्या सेटमध्ये आहे. पण कारखान्यातून ऊस खाली करून निघताना तो फिरवायची आठवण ठेवावी लागते, आणि गव्हाणीवर रात्री तीनला नंबर लागल्यावर कोणाला आठवतंय? दोन टायर त्यात गेले. शेवटी अण्णांनी व्हॉल्वच्या दांड्याला लाल चिंधी बांधली.

बाकी देखभाल म्हणाल तर रोज सकाळी टाक्यांखालचा नळ उघडून साठलेलं पाणी सोडायचं. थंडीत कपभर निघतं. यार्डात अठरा तास उभी राहिली की हवा उतरते, मग निघताना चार-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काटा वर येऊ द्यायचा. मागचे लोक हॉर्न मारतात. मारू द्या. पाईप मात्र सांभाळायचे. उसाचं पाचट करवतीसारखं घासतं, एक पाईप दोन महिन्यांत पांढरा पडला. आता वरून जुना रबरी होज चिरून घातलाय.

ब्रेकच्या बरोबरीनं तीन किरकोळ कामं करून घेतली आणि खरं सांगतो, पैशाच्या मानानं तीच जास्त कामाची निघाली.

पहिलं काम पिनचं. दोन ट्रॉल्यांमधली पिन म्हणून आमच्याकडं वर्षानुवर्षं एक तुटका शाफ्टचा तुकडा होता, वरून खिळा वाकवलेला. खड्ड्यात आदळून अशी पिन उडते आणि मागची ट्रॉली सुटते, हे आमच्या रस्त्याला कोणाला नवीन नाही. आता मापाची पिन, खाली कळीची कॉटर, आणि दोन्ही ट्रॉल्यांमध्ये दोन साखळ्या कैची मारून. साखळी सरळ लावायची नाही, दांड्याखालून फुलीसारखी न्यायची, म्हणजे पिन गेली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळीच्या झोळीत पडतो.

दुसरं काम दिव्यांचं. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल अशी चकाकणारी पट्टी लावायची असते हे सगळ्यांना पाठ आहे. हंगामाच्या सुरुवातीला कारखानेही लाल कापड, रिफ्लेक्टर वाटतात, फोटो निघतात. पण ट्रॉली भरल्यावर मागं काय दिसतं ते रात्री एकदा पन्नास पावलं मागं जाऊन बघा. मी गेलो. काही दिसत नाही! उसाचे शेंडे हौद्याच्या मागं तीन-चार फूट लोंबतात आणि पट्टी, दिवा, नंबर सगळं त्यांच्या पदराखाली जातं. दिवे लावलेले आहेत, पण ते उसाला दिसतात, मागच्या गाडीला नाही. म्हणून मी मागच्या दिव्यांना दीड फुटाचे लोखंडी हात वेल्ड करून ते खाली आणि बाहेर काढले आणि वायर ट्रॅक्टरपासून सात पिनी सॉकेटनं आणली. टोळीलाही सांगितलं, मागची शेवटची थप्पी आडवी लावा, शेंडे आत. मुकादम कुरकुरला, मग ऐकलं.

तिसरं काम बाजूंचं. ओव्हरटेक करणाऱ्याला एक ट्रॉली दिसते, ती मागं टाकली की तो डावीकडं घुसायला बघतो, आणि तिथं दुसरी ट्रॉली असते. रात्री तर त्याला आधी मागची दिसते, तिच्यापुढं अंधार दिसतो, त्याला वाटतं झालं, आणि पुढची ट्रॉली तोंडासमोर उभी. दोन ट्रॉल्यांमधल्या त्या दांड्याच्या पाच फुटांत अंधारात मोटरसायकलवाले शिरताना मी स्वतः बघितलेत. म्हणून दोन्ही हौद्यांना बाजूनं अखंड पिवळी पट्टी आणि दांड्यालाही पट्टी. खर्च दोन हजाराच्या आत.

आणि यावरून एक आठवलं. आमच्याकडं चाळीस हजाराचा डेक आणि बॉक्स लावलेले ट्रॅक्टर आहेत. अर्ध्या किलोमीटरवर गाणं ऐकू येतं. मागून कोण हॉर्न मारतोय ते मात्र ड्रायव्हरला ऐकू येत नाही. त्याच ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीला एक बल्ब नसतो.

आता कायद्याचं. पारावर बसलं की डबल ट्रॉलीबद्दल प्रत्येकाचा स्वतःचा कायदा असतो. एक म्हणतो सगळं चालतं, दुसरा म्हणतो काहीच चालत नाही, तिसरा म्हणतो साहेबाला भेटलं की चालतं. मी दोन्ही आरसी, पॉलिसी आणि वर्कशॉपचं बिल घेऊन सोलापूरच्या आरटीओत गेलो. बदललेला अ‍ॅक्सल दाखवायचाच होता, कारण वाहनात असा बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि उद्या काही झालं तर विमावाला त्यावरच बोट ठेवणार. तिथं बसल्या बसल्या आपलेच कागद पहिल्यांदा नीट वाचले आणि घाम फुटला.

ट्रॉली म्हणजे कायद्यानं वेगळं वाहन. तिची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. ट्रॅक्टरचा नंबर रंगानं मागं लिहिला की झालं, असं नाही. माझ्या दोन्ही ट्रॉल्यांना नंबर होते, पण ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर एकाच ट्रॉलीचा नंबर होता. म्हणजे सीनेच्या पुलाजवळ जी ट्रॉली एसटीपुढं आडवी झाली, ती मागची, तिला विमाच नव्हता. एजंटानं कधी सांगितलं नाही, मी कधी वाचलं नाही. शिवाय शेतीसाठी म्हणून नोंदलेली ट्रॉली दुसऱ्याचा ऊस भाड्यानं वाहत असेल तर दावा आल्यावर विमा कंपनी तोच मुद्दा काढते. यंदा दोन्ही ट्रॉल्या आणि वापर, सगळं लिहून घेतलं. हप्ता वाढला, झोप लागते.

लायसनची मला उगाच धास्ती होती. अण्णांचं लायसन ट्रॅक्टरचं, ट्रॉलीचं वेगळं लागतं का? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन निकामी होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल आहे.

लांबीचं गणित मी टेप घेऊनच केलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९३ नंबरच्या नियमात लांबीची मर्यादा आहे. मी ट्रॅक्टर-ट्रेलर मिळून १८ मीटर धरून चाललो, म्हणजे ५९ फूट. आमचा ट्रॅक्टर साडेअकरा फूट, प्रत्येक ट्रॉली दांड्यासकट वीस. झाले साडेएक्कावन्न. मागं लोंबणारा ऊस चार फूट धरला तर साडेपंचावन्न. बसतं, पण जेमतेम. ज्यांचे हौदे अठरा फुटी आहेत त्यांनी टेप लावून बघावा. आमचा भाचा ऑस्ट्रेलियात आहे, तो तिकडच्या रोड ट्रेनचे व्हिडिओ पाठवतो, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब, तीन-तीन ट्रेलर. पारावरचे लोक म्हणतात बघा, तिकडं चालतं. चालतं, पण तिथं प्रत्येक ट्रेलरला ब्रेक असतो, ओढायला त्यासाठीच बांधलेला ट्रक असतो, आणि रस्ते ठरवून दिलेले असतात. मध्ये मोहोळचा आठवडा बाजार लागत नाही.

राहिलं वजन. इथं मी साजूक नाही, कबूल करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भाराला २० हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पाच टन जादा सापडला तर ३० हजार, म्हणजे आमच्या कित्येक खेपांची कमाई एका पावतीत. शिवाय जादा माल उतरवून ठेवायचा अधिकार त्यांना आहे. हायवेच्या कडेला पाच टन ऊस उतरवून बघा, गुरं आधी पोचतात. पाच टनी म्हणून विकलेल्या ट्रॉलीत आपण दहा-अकरा टन कोंबतो आणि वर स्प्रिंगचे पाटे तुटले म्हणून ट्रॉलीवाल्याला शिव्या देतो. यंदा आम्ही दोन्ही मिळून १७ टनांवर आणलं. कागदावरच्या आकड्यापेक्षा तरीही ते जास्तच आहे. कारखाना, टोळी, डिझेल आणि बँकेचा हप्ता मिळून जे भाग पाडतात त्यात मी इतकाच खाली येऊ शकलो.

म्हणजे खेपेमागं पाच टनांची वाहतूक गेली. त्या बदल्यात हंगामात एकदाही पाटा तुटला नाही, एकदाही पंक्चरसाठी रात्र हायवेवर काढली नाही, आणि उताराला अण्णा देवाचं नाव घेत नाहीत. पैशाचा हिशेब अजून तोट्यातच आहे, दोन हंगाम तरी तसाच राहील.

ज्यांना एवढे पैसे नाहीत ते विचारतात, एकाच ट्रॉलीला बसवायचा तर कोणत्या? सगळे पुढच्या ट्रॉलीचं नाव घेतात, कारण पाईप कमी लागतो. मी सांगतो, मागच्या. मागची मोकाट राहिली तर पुढचीचा ब्रेक उलटा अंगावर येतो, दूधवाल्याच्या दिवशी झालं तेच पुन्हा. आणि तेवढेही नसतील तर दुसरी ट्रॉली घरी ठेवा. हे ऐकून लोक चहा संपवून उठतात.

मडगार्डवर मी आता बसत नाही. टोळीच्या बायका-पोरांनाही उसावर बसू देत नाही, त्यांच्यासाठी वेगळी जीप लावली. त्याचाही खर्च माझ्याच अंगावर, मुकादम अर्धा देतो म्हणाला होता, अजून देतोय.

ट्रॉल्या सध्या चिंचेखाली उभ्या आहेत. पाईप सोडून घरात आणलेत, कारण मागच्या आठवड्यात उंदरानं पिवळा पाईप कुरतडला. पुढच्या ट्रॉलीचं डावं चाक शेवटच्या पंधरवड्यात हाताला गरम लागत होतं. ब्रेक पूर्ण सुटत नसावा, लायनर बघायला पाहिजे. वर्कशॉपवाल्याला फोन केला. म्हणाला, "उद्या नक्की."